तुरटाची वही : तिन्यानेल्लोची तीन सालं

१४ जानेवारी २०२४, फ्लॉरेन्स

वर्गणी पुरी झाली. चौघांनी मिळून चार बाटल्या घेतल्या : २०१९ च्या दोन, २००९ ची एक, १९९९ ची एक. वाइन एकच, तिन्यानेल्लो, इथल्या तोस्काना प्रांतातली रेड वाइन. डोंगर एकच, आणि द्राक्षांचं प्रमाणही जवळपास तेच. वय मात्र पाच, पंधरा आणि पंचवीस.

सोमेलिएच्या, म्हणजे वाइनच्या जाणकाराच्या, वर्गात गेली दोन वर्षं 'ही वाइन मुरणारी आहे' असं ऐकत आले. मुरणं म्हणजे काय ते मला लोणच्यावरून कळतं. कैरीची फोड जूनमध्ये कशी लागते आणि तीच दिवाळीत कशी, हे मी डोळे मिटून सांगेन. वाइनचं तसं सांगता यावं, म्हणून हा खटाटोप. नोंदी मराठीतच ठेवणार आहे. वर्गात इटालियन शब्द तोंडपाठ झाले, पण घरी फोनवर धाकटा भाऊ विचारतो, "ताई, पण चव कशी होती?" तेव्हा माझ्याकडे त्याला देण्याजोगं उत्तर नसतं. दिंडोरीजवळ आमची द्राक्षबाग आहे, सगळी थॉमसन, खायची. द्राक्ष त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याला समजेल असं लिहिता आलं, तर मला समजलं असं धरेन.

बाटल्या आमच्या चौघांतल्या, जवळच्या प्रातो गावच्या मित्राच्या आजोबांच्या तळघरात आडव्या ठेवल्या. तिथे वर्षभर १३ अंशांच्या आसपास असतं. आडव्या अशासाठी, की बूच आतून ओलं राहावं. वाळलं तर आक्रसतं आणि हवा शिरते. चव नोव्हेंबरात घेणार, तोवर तयारी.

२८ जानेवारी

पहिलं काम तुरटाची मोजपट्टी.

रेड वाइनचा कणा म्हणजे टॅनिन, द्राक्षाच्या साली-बियांतून येणारं द्रव्य, आणि ते जिभेला जे करतं त्याला आपल्याकडे शब्द आहे : तुरट. षड्रसांत कषाय म्हणून त्याला मानाची जागा आहे. जांभूळ, आवळा, सुपारी, कच्चं केळं, डाळिंबाची साल... पाचवीतल्या मुलालाही तुरट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. वर्गात मात्र पहिले दोन महिने लोक तुरट आणि कडू यांत गोंधळत होते. कडू ही चव आहे. तुरट बरंचसं स्पर्शाचं काम. लाळेत प्रथिनं असतात, ती तोंडाला वंगणासारखी असतात. टॅनिन त्यांना धरून गुठळ्या करतं, वंगण जातं आणि गालाची आतली बाजू दाताला खरखरीत लागते.

आमच्या चौघांत एक निवृत्त शिक्षिकाबाई आहेत. त्या म्हणाल्या, इटालियनमध्ये यासाठी 'आल्लाप्पा' असं क्रियापद आहे, आणि ते हमखास वापरतात ते कच्च्या काकीबद्दल. काकी म्हणजे इथलं ते नारिंगी, टोमॅटोसारखं दिसणारं फळ. पिकण्याआधी चावलं तर तोंड मिटतच नाही. मी त्यांना हिरड्याचा तुकडा दिला. तो तोंडात धरून त्यांनी मान डोलावली आणि पाणी मागितलं.

मोजपट्टी चहाची केली. काळा चहा, साखर नाही, दूध नाही. एका कपात एक पिशवी, उकळतं पाणी, आणि २, ५, १०, २० मिनिटं. गार झाल्यावर चौघांनी डोळे बांधून क्रम लावला. २ आणि ५ मध्ये चुका झाल्या, १० आणि २० मध्ये कोणाची झाली नाही. पाच मिनिटांचा तुरट जिभेच्या मधोमध राहतो. वीस मिनिटांचा वरच्या हिरड्यांवर चढतो आणि ओठांच्या आत बसतो. यापुढे 'मध्यम तुरट' असं कोणी लिहायचं नाही, मिनिटं लिहायची.

१८ फेब्रुवारी

वाचन. हीच वाइन का निवडली त्याचं कारण स्वतःसाठी एकदा नीट मांडून ठेवते.

क्यांती ही याच डोंगरांतली जुनी रेड वाइन. तिची जुनी पाककृती बेत्तीनो रिकासोली यांची. ब्रोलिओ किल्ल्याचे धनी, १८६१ मध्ये इटलीचे दुसरे पंतप्रधान. १८७२ साली त्यांनी पिसा विद्यापीठातले प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना पत्र लिहिलं, त्यात द्राक्षांची कामं वाटून दिली आहेत. सांजोवेझे या लाल द्राक्षाकडून सुगंध आणि जोम. कानायोलोने तिचा ताठरपणा कमी करायचा. माल्व्हाझिया ही पांढरी, तिने वाइन हलकी होते, रोजच्या जेवणाला लवकर चालते. आणि मुरवायच्या वाइनमध्ये ही पांढरी कमी करावी, असंही त्याच पत्रात आहे. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. लवकर प्यायची आणि ठेवून प्यायची अशा दोन वेगळ्या वाइन त्यांच्या डोक्यात स्पष्ट होत्या.

पुढे १९६७ मध्ये क्यांतीचे कायदेशीर नियम आले. त्यांत पांढरी द्राक्षं १० ते ३० टक्के घालणं सक्तीचं झालं. पांढऱ्या द्राक्षाकडून ना लाल रंग येत, ना फारसा तुरट. ती तेवढी ओतली की रेड वाइनचा कणाच पातळ होतो. म्हणजे क्यांती हे नाव हवं असेल, तर मुरण्याची ताकद कमी करूनच बाटली भरायची.

अंतिनोरी घराणं फ्लॉरेन्सचं, १३८५ पासून वाइनच्या धंद्यात. १९७० मध्ये पिएरो अंतिनोरी आणि त्यांचे वाइनतज्ज्ञ जाकोमो ताकिस यांनी तिन्यानेल्लोच्या मळ्याची वाइन वेगळी काढली आणि मोठ्या जुन्या पिंपांऐवजी लहान ओक पिंपांत ठेवली. त्या वर्षी लेबलवर क्यांती क्लासिकोच होतं, म्हणजे क्यांतीच्या मूळ पट्ट्याचं नाव. १९७१ पासून ते नाव सोडलं आणि बाटलीवर नुसतं 'टेबल वाइन' आलं, म्हणजे कागदोपत्री सगळ्यात खालची पायरी. १९७५ मध्ये पांढरी द्राक्षं पूर्ण बंद. १९८२ पासून प्रमाण ठरलं ते आजतागायत : सुमारे ८० टक्के सांजोवेझे, १५ टक्के कॅबर्ने सॉव्हिन्यों, ५ टक्के कॅबर्ने फ्राँ. म्हणूनच आमची तीन सालं एकमेकांशेजारी ठेवता येतात.

नियम शेवटी या वाइनकडे चालत आले. २००६ पासून क्यांती क्लासिकोत पांढऱ्या द्राक्षांना बंदी आहे, आणि किमान ८० टक्के सांजोवेझे लागते. आजची तिन्यानेल्लो त्या नियमात बसू शकते. तरी ती लेबलवर साधं 'तोस्काना' लिहिते. पन्नास वर्षांपूर्वी नाव सोडलं, ते पुन्हा घेतलं नाही. हे मला आवडतं.

हवामान साथ देत नाही त्या वर्षी ही वाइन काढतच नाहीत. १९७२, ७३, ७४, ७६, ८४, ९२ आणि २००२ या सालांच्या बाटल्या नाहीत. हे भावाला सांगितलं तर तो काही क्षण बोललाच नाही. मग म्हणाला, "ताई, आपल्याला एक साल सोडून परवडलं असतं का?"

१० मार्च

आजचा दिवस सगळ्यात शिकवणारा ठरेल असं वाटलं नव्हतं.

तीन साध्या, तरुण बाटल्या आणल्या : निव्वळ सांजोवेझे, निव्वळ कॅबर्ने सॉव्हिन्यों, निव्वळ कॅबर्ने फ्राँ. औषधांच्या दुकानातून मापाची नळी आणली, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर आम्ही चौघं मिश्रण करायला बसलो.

आधी एकेकटी. सांजोवेझे रंगाला विरळ, ग्लासखाली वहीची अक्षरं वाचता येतात. नाकाला आंबट चेरी. जिभेवर पहिल्यांदा आंबट येतं, थेट आमसुलाच्या सारासारखं, लाळ सुटते. तुरट मागून येतो, आणि तोंडाच्या मधे एक पोकळी राहते, म्हणजे सुरुवात आहे, शेवट आहे, पोटात काही नाही. कॅबर्ने सॉव्हिन्यों उलट. मणी लहान, साल जाड, त्यामुळे रंग दाट, तुरट पंधरा मिनिटांच्या वर, आणि भरतो नेमका मधल्या जागेत. करवंदं आठवली, पूर्ण काळी झालेली. फ्राँला वेगळाच वास, हिरव्या पानाचा, ढोबळी मिरची चिरताना येतो तसा.

मग ८० मिली, १५ मिली, ५ मिली. ढवळलं आणि दहा मिनिटं ठेवलं.

पोकळी भरली. आंबट जिथल्या तिथे राहिलं, चेरी चेरीच राहिली, पण मधे आता धरायला काहीतरी होतं. कॅबर्ने वेगळी ओळखू येत नव्हती. मग ७० आणि ३० करून पाहिलं, तर सांजोवेझे गायब. करवंदाने सगळं झाकलं. पाच टक्के फ्राँने काय फरक पडतो अशी मला शंका होती, म्हणून फ्राँशिवायचं मिश्रण शेजारी ठेवलं. चवीत फरक सांगता आला नाही. वासात चौघांपैकी तिघांना आला : फ्राँ असलेल्या ग्लासात वास वर उठत होता, दुसऱ्यात जरा बसलेला होता. फोडणीत हिंग पडलाय की नाही हे खाताना नाही, दारातून आत येतानाच कळतं, तसं काहीसं.

मुरण्याच्या दृष्टीने वाटणी अशी दिसते. वाइन टिकते आंबट आणि तुरट या दोघांच्या जोरावर. आंबटाचा साठा सांजोवेझेकडे, रंगाचा आणि तुरटाचा कॅबर्नेकडे. एकटी सांजोवेझेही चांगल्या मळ्यातली असेल तर छान मुरते, मोन्ताल्चिनोची ब्रुनेल्लो निव्वळ सांजोवेझेचीच असते. तेव्हा कॅबर्नेवाचून अडतं असं मी म्हणणार नाही. पण या प्रमाणात दोघींचं जमतं, हे आज डोळ्यांसमोर घडलं.

११ मार्च

कालच्या मिश्रणातलं उरलेलं झाकून ठेवलं होतं. आज तुरट कमी खरखरीत. एका रात्रीत हवेनेही एवढा फरक पडतो. नोंद घेतली, नोव्हेंबरात उपयोगी पडेल.

२१ एप्रिल

घरी खरड छाटणी चालू आहे. भावाला इथलं सांगत होते, की इथे वेल वर्षातून एकदाच छाटतात आणि हिवाळाभर तो झोपलेला असतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, वेलाला झोप अशी नाहीच. तो म्हणाला, "म्हणून तुमच्या वेलाला वय चढतं. आमचा दमतो." हे वेलाच्या वयाबद्दल आहे, वाइनच्या नाही, तरी लिहून ठेवते.

१९ मे

दोन गोष्टी, दोन्ही जेवणाच्या टेबलावर लक्षात आलेल्या.

एक, तापमान. सरावाची एक क्यांती तशीच टेबलावरून उघडली. घरात २७ अंश. नुसती दारू नाकात गेली, तुरट सुटा पडला, चेरी कुठेच नाही. बाटली वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली, १७ अंशांवर आणली. तीच वाइन, तेच ग्लास, आणि फळ परत आलं. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हे युरोपातल्या जुन्या, गार दगडी घरांसाठी ठीक होतं. नाशिकच्या मे महिन्यातल्या खोलीसाठी मुळीच नाही. भावाला हे लगेच कळवलं.

दोन, तिखट. मिरचीचा ठेचा केला होता, त्याबरोबर घोट घेतला. तिखटाने दारूची आग दुप्पट आणि तुरट काट्यासारखा. दोघांचंही नुकसान. मग पेकोरिनो, मेंढीच्या दुधाचं चीज, खाऊन घोट घेतला. चीजमधली प्रथिनं आणि स्निग्धपणा टॅनिनला आधीच धरून ठेवतात, लाळेच्या वाट्याला कमी येतं. वीस मिनिटांच्या चहाचा दहा मिनिटांचा झाला. इथला पाव बिनमिठाचा असतो, पहिल्या वर्षी मला तो अजिबात आवडायचा नाही. दोन वाइनच्या मधे तोंड पुसून काढायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

२३ जून

सरावासाठी एका दुकानातून जुनी क्यांती आणली, पंधरा वर्षांची. उघडली तर ओल्या गोणपाटाचा वास. पावसात भिजून कोपऱ्यात पडलेलं गोणपाट, अगदी तोच. शिक्षिकाबाई म्हणाल्या थोडं थांबू या, हवा लागू दे. थांबलो. वास वाढला. हा बुचाचा दोष : बुचात तयार होणारं ट्रायक्लोरोॲनिसोल लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. आरोग्याला धोका नाही, पण फळाचा वास पुसून टाकतं. जुन्या वाइनचा 'जुना' वास आणि हा वास यांत घोळ होऊ नये, म्हणून ग्लास तासभर समोर ठेवून हुंगत राहिले. दुकानदाराने बदलून द्यायला नकार दिला. पंधरा वर्षं कोणीतरी जपलेली बाटली सिंकमध्ये ओतताना मला खरंच वाईट वाटलं.

२९ सप्टेंबर

सकाळी मित्राच्या गाडीने मोन्तेफिरिदोल्फीकडे. फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला, ग्रेव्हे आणि पेझा या दोन नद्यांच्या खोऱ्यांमधला डोंगर. तिन्यानेल्लोचा मळा सुमारे ५७ हेक्टरचा, उतार नैर्ऋत्येकडे, उंची समुद्रसपाटीपासून ३५० ते ४०० मीटर. आम्ही तो रस्त्यावरूनच पाहिला.

दुरून पाहताना पहिली नजर जाते ती पांढऱ्या दगडांवर. वेलांच्या बुडाशी चुनखडीचे दगड फोडून पसरलेले आहेत. आल्बेरेझे म्हणतात त्याला. ऊन त्यावर पडतं आणि खालून घडांवर परत येतं. आपल्या बागेत घड मांडवाखाली सावलीत टांगलेले असतात, ऊन लागून चट्टे पडू नयेत म्हणून आपण पानं राखतो. इथे वेल कमरेएवढा, आणि उन्हाला खालूनही वाट करून दिलेली. खायच्या द्राक्षाला मोठा मणी आणि पातळ साल हवी. वाइनच्या द्राक्षाला लहान मणी, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. आपण मणी फुगवायला धडपडतो, हे लोक तो लहान राहावा म्हणून.

पुढे मित्राच्या मामांच्या मळ्यात थांबलो. तिथे तोडणी सुरू व्हायची होती. मामांनी सांजोवेझेचे चार मणी हातावर ठेवले आणि म्हणाले, गर गिळा, साल चावा, मग बी चावा. साल आधी आंबट-गोड, मग पाच मिनिटांचा चहा. बी दातांखाली कटकन फुटलं, आतून तपकिरी, भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालपटासारखी चव. मग त्यांनी सावलीतल्या घडातला मणी दिला. त्याचं बी हिरवट, दाताला चिकटलं, आणि तुरट थेट वीस मिनिटांच्या पलीकडे, वर कडू. "हा घड अजून आठवडाभर नको," ते म्हणाले. साखर यंत्रावर मोजता येते. बी मात्र चावूनच बघतात.

संध्याकाळी भावाला सांगितलं. तो हसला. आमच्या थॉमसनला बीच नाही. द्राक्षात आयुष्य गेलेल्या घरात द्राक्षाचं बी चावून बघायची वेळ कोणावर आलीच नव्हती.

१९ नोव्हेंबर

१९९९ आणि २००९ च्या बाटल्या तळघरातून आणून उभ्या केल्या. चार दिवस हलवायच्या नाहीत. गाळ तळाशी बसायला तेवढा वेळ हवा. प्रातोच्या मित्राने दारावर चिठ्ठी लावली आहे, की खोलीत कोणी पळू नये. त्याला दोन लहान मुलं आहेत.

२३ नोव्हेंबर

१९९९ चं बूच. वरून कोरडं, खालून अर्ध्यापर्यंत काळपट भिजलेलं. साध्या मळसूत्राने ते मधोमध फाटलं असतं, म्हणून दोन पात्यांचा चिमटा वापरला. बुचाच्या दोन्ही अंगांनी पाती आळीपाळीने सरकवायची, मग पिळत पिळत वर घ्यायचं. तरी खालचा करंगळीएवढा तुकडा आतच राहिला. पात्यांनी पुन्हा धरला, आणि आला. मित्राचा हात थरथरत होता. आम्ही तिघं श्वास धरून.

मग ओतणं. बाटलीच्या मानेखाली टॉर्च, समोर काचेचं भांडं, आणि एका दमात, न थांबता. वाइन मानेतून जाते तशी उजेडात लालसर, स्वच्छ. शेवटी शेवटी एक काळी रेघ सरकत मानेकडे आली, धुरासारखी. तिथे थांबलो. तळाशी दोन बोटं उरली. हा गाळ म्हणजेच इतकी वर्षं चाललेल्या कामाचा पुरावा. सालींतला रंग आणि टॅनिन एकमेकांना धरत जातात, साखळ्या लांब होतात, जड होतात आणि खाली बसतात. जे खाली बसलं ते वाइनमधून कमी झालं : थोडा रंग, बराचसा खरखरीत तुरट.

तिन्ही ग्लास पांढऱ्या कागदावर, १७ अंशांवर. शिक्षिकाबाईंनी क्रम बदलून ठेवला होता, पण रंगाने लगेच चुगली केली, त्यामुळे ओळखायचा खेळ तिथेच संपला.

रंग. २०१९ मधोमध गडद, कडेला जांभळट. २००९ डाळिंबी, कड विटेकडे झुकलेली. १९९९ ची कड थेट गेरूची, तुळशीवृंदावन सारवून झाल्यावर हातावर राहते त्या रंगाची, आणि मध्यभागातूनही खालची अक्षरं पुसट दिसत होती. पांढरी वाइन वयाबरोबर गडद होते, लाल फिकट होत जाते. हे पाठ होतं, तीन पायऱ्यांत समोर आज पाहिलं.

२०१९. वास चेरीचा, करवंदाचा, ओकमुळे थोडा लवंगेचा. आंबट ठसठशीत. तुरट बारा मिनिटांचा, वरच्या हिरड्यांवर. सगळं आहे, पण एकेकटं आहे, पंगतीत बसलेले आणि अजून ओळख न झालेले पाहुणे जसे.

२००९. इथे मी बराच वेळ थांबले. चेरी वाळलेली, आणि तिच्यामागे बेदाण्याच्या शेडमधला वास. माझं आजोळ तासगावचं. शेडमध्ये जाळ्यांवर घड वाळत टाकलेले असतात, दुपारी आत शिरलं की गोडसर, किंचित धुळकट, उबदार वास येतो. तो वास मी पस्तीस वर्षांनी एका इटालियन ग्लासात घेतला. त्यात थोडं चामडं, थोडी सुकी तंबाखू. तुरट अजून भरपूर, सात-आठ मिनिटांचा, पण खरखर गेलेली. नवी सुती चादर आणि तीच दहा वर्षं धुतलेली, सूत तेच, अंगाला लागणं वेगळं. घोट गिळल्यावर चव किती टिकते ते मित्राने मोबाइलवर मोजलं, मला शेवटचा चेरीचा धागा चाळिसाव्या सेकंदापर्यंत लागत होता.

१९९९. पहिल्या पाच मिनिटांत वास जवळजवळ नव्हताच, आणि मी घाबरले. मग हळूहळू उघडला : काळा चहा, आमसूल, चामडं, आणि ते ज्याला वर्गात 'सोत्तोबोस्को' म्हणतात, जंगलातल्या झाडांखालचं. दोन वर्षं हा शब्द मी परीक्षेपुरता लिहिला. आज तो मराठीत आला. गोडी छाटणी झाल्यावर बागेत काड्या आणि पानं ओळींमध्ये पडलेली असतात. ऑक्टोबरची पहाट, वर दव पडलेलं, तुम्ही पाणी सोडायला अनवाणी जाता आणि पाय पडतो तिथून वास वर येतो. कुजका नाही, हिरवाही नाही. ओल्या पाचोळ्याचा. तोच.

जिभेवर आंबट अजून जिवंत, आणि पंचवीस वर्षं वाइनला धरून कोण बसलं होतं ते तिथे कळलं. तुरट कमी होईल हे माहीत होतं. कसा कमी होईल याची कल्पना नव्हती. मोजपट्टीवर तो दोन मिनिटांचाही भरला नसता, पण चहाची मिनिटं इथे कामाची नव्हती. जांभळं खाऊन अर्धा तास झाल्यावर जिभेवर जे उरतं, जांभळा रंग गेलेला आणि नुसती आठवण, तेवढा होता. सगळीकडे सारखा पसरलेला, कुठे टोचत नव्हता.

दीड तासाने १९९९ उतरू लागली. वास पातळ झाला, आमसूल तेवढं राहिलं. शिक्षिकाबाईंचं मत, की ती तीन-चार वर्षांपूर्वी शिखरावर असावी. मला तसं वाटत नाही. तो एक तास मला हवा होता तसाच होता. सगळ्यांत कोणती आवडली यावर मतं फुटली : दोघांची २००९, एकाची २०१९, माझी १९९९. नंतर मित्राने कोळशावर क्यानिना गाईचं मांस भाजलं, त्याबरोबर २०१९ अचानक सगळ्यांना आवडली. बारा मिनिटांचा तुरट मांसाच्या रसात पाच मिनिटांवर आला.

एक बाजू नोंदवायला हवी. तीन सालं म्हणजे तीन वेगळे पावसाळे, तीन वेगळे उन्हाळे. २००९ मधला बेदाणा सगळा वयाचा की त्या वर्षीच्या उन्हाचाही, हे तीन बाटल्यांवरून सांगता येणार नाही.

२४ नोव्हेंबर

२०१९ चा बाटलीत ठेवलेला पाव भाग आज पुन्हा घेतला. कालच्यापेक्षा सरस. लवंग मागे गेली, पाहुणे बोलायला लागले. तुरट दहा. १९९९ चा थेंबही उरला नव्हता, आणि उरला असता तरी आज त्यात काही नसतं. तरुण वाइनला हवा लागते, म्हातारीला हवा सोसत नाही.

१९९९ चा गाळ बशीत वाळवला. बोटांत चोळला तर मऊ, तपकिरी-लाल. जिभेवर ठेवला : कडवट, किंचित तुरट. वाइनमध्ये नव्हता तो सगळा तुरट इथे सापडेल असं वाटलं होतं. तसं नाही. साखळ्या इतक्या लांब झाल्या की आता त्या लाळेलाही पूर्वीसारख्या धरत नसाव्यात. हे सरांना विचारायचं.

८ डिसेंबर

भावाचा फोन, तासभर. त्याने माझी चहाची मोजपट्टी नाशिकला घरी केली, बायकोला आणि आईलाही बसवलं. आईने वीस मिनिटांचा कप एका घोटात संपवला आणि म्हणाली, सुपारी खाणाऱ्याला हे काय सांगतोस.

मग त्याने अकलूजची फ्राटेलीची सेट्टे उघडली. त्या कंपनीत इटालियन भावांबरोबर अकलूजचे मोहिते-पाटील आहेत, वाइन बनवणारे पिएरो मासी तोस्कानाचे, आणि सेट्टेत सांजोवेझे आणि कॅबर्ने सॉव्हिन्यों, हीच जोडी, सोलापूर जिल्ह्याच्या मातीतली. आधी फ्रिजमध्ये वीस मिनिटं ठेवली, हे त्याने आवर्जून सांगितलं.

"ताई, आधी आंबट. मग करवंद. तुरट आठ-नऊ मिनिटांचा, पण गालाला, हिरड्यांना नाही."

मी लिहून घेत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी विचारत होते आणि तो सांगत होता.

त्याने आणखी एक बाटली घेऊन ठेवली आहे. मुरवून बघायची म्हणतो. आमची २०१९ ची दुसरी बाटली प्रातोच्या तळघरात परत गेली, मानेला चिठ्ठी बांधून : २०३४. त्याला तळघर नाही. कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवू का म्हणाला. नको म्हटलं, तिथे द्राक्षाच्या पेट्यांसाठी शून्याजवळ असतं, वाइन तिथे गोठल्यासारखी बसून राहील. बारा ते चौदा हवं, अंधार हवा, आणि दिवसरात्रीत चढउतार नको.

आज संध्याकाळी त्याचा निरोप आला. जुन्या घराच्या भिंतीतलं बळद त्याने उघडलं, आजोबांच्या वेळेपासून बंद होतं. आत थर्मामीटर ठेवलाय. सोळा अंश दाखवतोय. मी कळवलं, डिसेंबरच्या आकड्यावर जाऊ नकोस, मे महिन्यातला बघ, मग बाटली ठेव.